फनटाउनचं फाटक

मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र जगभर वाचलं जातं. अलाबामा राज्यातल्या त्या शहरात वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं चालू होती. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, किंग यांना अटक झाली. त्याच सुमाराला तिथल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन प्रसिद्ध केलं. रस्त्यावर उतरणं घाईचं आहे, न्यायालयावर आणि वाटाघाटींवर भरवसा ठेवा, असा त्याचा मथितार्थ होता. किंग यांनी उत्तर लिहायला घेतलं ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर. त्यात सॉक्रेटिस येतो, संत ऑगस्टीन येतो, टॉमस अक्वायनस येतो. आणि ‘थांबा’ या सल्ल्याला उत्तर देणारं एक वाक्य येतं, जे इंग्रजीत तीनशेहून अधिक शब्दांचं आहे.

या वाक्यात झुंडींनी घेतलेले बळी आहेत, पोलिसांचे अत्याचार आहेत, श्रीमंत देशातलं दारिद्र्य आहे. त्या सगळ्यांच्या मधोमध एक सहा वर्षांची मुलगी आहे. टीव्हीवर जाहिरात पाहून तिला फनटाउन नावाच्या करमणूक उद्यानात जायचं आहे, आणि ते उद्यान कृष्णवर्णीय मुलांसाठी बंद आहे, हे तिला सांगताना बापाची जीभ अडखळते आहे. झुंडबळी आणि पाळण्यात बसायला न मिळणं, ही दोन दुःखं एकाच दमात कशी सांगता येतील? किंग यांच्यासारखा तोलूनमापून बोलणारा माणूस ती एका वाक्यात का ठेवतो?

या प्रश्नाच्या मागे मी गेली काही वर्षं आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. नोकरी सांभाळून, सापडेल ते वाचत, न्यायालयीन निकालपत्रं शब्दकोश हाताशी घेऊन उलगडत इथवर आलो. हाती लागलं ते असं, की अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्यात बस, शाळा आणि खानावळी यांच्याबरोबरीनं मेरी-गो-राउंडलाही जागा आहे. आपल्याकडे तिच्याविषयी फारसं लिहिलं गेलेलं नाही.

फनटाउन काही मोठं नव्हतं. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहराच्या दक्षिण भागात, स्ट्यूअर्ट अव्हेन्यूवर, १९६०च्या आगेमागे सुरू झालेलं ते एक साधं पार्क. आज ते अस्तित्वात नाही, आणि किंग यांच्या मुलीनं हट्ट धरला नसता तर त्याचं नाव अटलांटाबाहेर कुणाला कळलंही नसतं. मुलगी म्हणजे योलांडा, किंग यांचं पहिलं अपत्य, जन्म नोव्हेंबर १९५५चा. जानेवारी १९६५मध्ये ॲलेक्स हेली यांनी घेतलेली किंग यांची एक दीर्घ मुलाखत प्रसिद्ध झाली. तिच्यात ही गोष्ट जरा विस्तारानं येते. विमानतळाकडे जाताना वाटेत फनटाउन लागायचं, आणि मुलगी दर खेपेला विचारायची. बाप विषय बदलायचा. शेवटी एक दिवस सांगावंच लागलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघणं हा आपल्या आयुष्यातल्या सर्वांत वेदनादायक अनुभवांपैकी एक होता, असं किंग म्हणतात. हा माणूस तोवर अनेकदा तुरुंगात गेला होता, त्याच्या घरावर बाँब पडला होता, हे लक्षात घेऊन ते वाचायला हवं.

त्याच मुलाखतीत पुढची हकिगतही आहे. काही काळानं फनटाउननं गाजावाजा न करता फाटक सगळ्यांना उघडलं. किंग योलांडाला घेऊन गेले. तिथं गोऱ्या माणसांनी येऊन विचारलं, तुम्ही डॉक्टर किंगच ना, आणि ही तुमची मुलगी ना? तुम्ही आलात याचा आनंद वाटला, असंही ते म्हणाले, आणि मुलीनं ते ऐकलं.

आता जरा मागे जायला हवं. अमेरिकेतली ही उद्यानं उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८८४मध्ये लामार्कस टॉमसन यानं घसरगाडी सुरू केली. तिचा वेग ताशी जेमतेम सहा मैल, आणि भाडं पाच सेंट. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यानं २६४ फूट उंचीचा आकाशपाळणा उभा केला. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसं मावत. मग विजेच्या ट्राम आल्या. आठवडाभर कामगारांनी भरलेल्या गाड्या रविवारी रिकाम्या धावायच्या. ट्राम कंपन्यांनी उपाय काढला, की मार्गाच्या शेवटच्या टोकाला बाग, तळं, नाचघर आणि पाळणे उभारायचे. वीज आणि गाड्या त्यांच्याच, तेव्हा तिकिटाचे पैसे जाताना मिळत आणि येतानाही. देशभर अशी शेकडो उद्यानं झाली. नुकतीच इटली, पोलंड, रशियाहून आलेली, भाषाही न येणारी माणसं तिथं एका बाकावर बसू लागली. अमेरिकी इतिहासकार याला लोकशाहीची करमणूक म्हणत आले आहेत. ते खरं आहे, फक्त त्या बाकावर सगळे नव्हते.

दक्षिणेत कायद्यानंच बंदी होती. उत्तरेत कायदा नव्हता, पण रिवाज होता. काही ठिकाणी कृष्णवर्णीयांसाठी हंगामातला एखादाच दिवस राखून ठेवलेला असे. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडच्या युक्लिड बीच पार्कमध्ये त्यांना आत सोडत, पण नाचघरात आणि स्केटिंगच्या रिंगणात नाही. १९४६मध्ये तिथं निदर्शनं झाली आणि मारहाणही झाली. आत प्रवेश होता तो वेगळ्याच कामासाठी. कित्येक जत्रांमध्ये आणि उद्यानांमध्ये एक खेळ असे. कापडी पडद्याला भोक पाडून त्यातून एक कृष्णवर्णीय माणूस डोकं बाहेर काढून उभा राही, आणि गिऱ्हाइकं पैसे देऊन त्या डोक्यावर चेंडू मारत. नेम लागला की बक्षीस. विसाव्या शतकातही हा खेळ चालू होता.

इथं मला माझ्या लहानपणीची जत्रा आठवते. आमच्या तालुक्याच्या गावी माघात ती भरायची आणि पाळणेवाला दरसाल बाहेरून यायचा. हातानं फिरवायचा लाकडी आकाशपाळणा, घोड्यांचं चक्र, पुढे पुढे मौत का कुवा. पाळणेवाल्याला पोरं कुठल्या आळीची हे ठाऊक नसे आणि त्याला त्याच्याशी घेणंदेणंही नव्हतं. चार पोरं झाली की तो एक पेटी भरायचा. त्यामुळे एरवी ज्यांच्या घरी आम्हाला पाणी पिऊ दिलं जात नसे, त्यांच्या मुलांच्या मांडीला मांडी लावून आम्ही वर जायचो, आणि वरून खाली येताना पोटात खड्डा पडला की एकमेकांना घट्ट धरायचो. कुणाच्या आईनं ते पाहिलं तर घरी गेल्यावर आंघोळ ठरलेली. पाळणेवाला गावाचा नव्हता, म्हणून गावाची रीत त्याच्या पाळण्यात चढली नाही, असं मला वाटतं. अमेरिकेतलं उद्यान मात्र त्याच गावाचं असे, त्याच गिऱ्हाइकांवर वर्षानुवर्षं जगे, आणि गावाची रीत फाटकावरच उभी करे.

उद्यान खुलं करणं हे बस किंवा दुकान खुलं करण्यापेक्षा जड का गेलं, याचंही उत्तर त्या पाळण्यात आहे. दुकानात माणूस पैसे देतो आणि जातो. रोलर कोस्टरमध्ये अनोळखी माणसं एकमेकांवर आदळतात, नाचघरात हात धरतात, पोहण्याच्या तलावात एका पाण्यात उतरतात. शिवाय इथं येणारा वयानं कोवळा असतो. तरुण मुलंमुली एकत्र येतील ही भीती मालकांच्या आणि गिऱ्हाइकांच्या बोलण्यात वारंवार डोकावते. म्हणून काही उद्यानांनी पाळणे आधी उघडले, नाचघर मागाहून, आणि तलाव उघडण्याऐवजी बंद केला.

वॉशिंग्टनला लागून, पोटोमॅक नदीच्या काठी, मेरीलंड राज्यात ग्लेन एको नावाचं उद्यान होतं. १८९१मध्ये ते सुरू झालं तेव्हा ती व्याख्यानमालेची जागा होती. आपल्याकडच्या वसंत व्याख्यानमालेसारखं, पण उन्हाळाभर मुक्कामी राहून ऐकायचं ज्ञानसत्र. ते काही वर्षांतच बारगळलं आणि तिथं पाळणे आले. पुढे ट्राम कंपनीनं जागा घेतली. १९२१मध्ये डेंट्झेल कारखान्याचं सुरेख कोरीव मेरी-गो-राउंड बसलं. घोडे होतेच, पण ससे, शहामृग, जिराफ, वाघ-सिंहसुद्धा होते.

३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठातले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि त्यांचे काही गोरे मित्र ग्लेन एकोत गेले. कृष्णवर्णीयांना तिकीट मिळत नसे, म्हणून तिकिटं दुसऱ्यांनी काढून दिली होती. ते मेरी-गो-राउंडवर चढले आणि बसले. चक्र सुरू झालं नाही. पहारेकरी आला, पाच मिनिटांत निघून जा म्हणाला, आणि ते उठले नाहीत तेव्हा पाच जणांना अटक झाली. हातात रीतसर तिकीट, बसायला रंगीत लाकडी प्राणी, आणि गुन्हा अनधिकृत प्रवेशाचा.

या खटल्यातला कायद्याचा मुद्दा बारीक आहे आणि मला फार मोलाचा वाटतो. उद्यानाचं म्हणणं होतं, मालमत्ता खासगी आहे, कुणाला आत घ्यायचं ते आम्ही ठरवू. पण तो पहारेकरी दुहेरी होता. पगार त्याला खासगी एजन्सीकडून मिळत होता आणि छातीवर बिल्ला काउंटीच्या डेप्युटी शेरीफचा होता. अटक त्यानं त्या बिल्ल्याच्या जोरावर केली. ग्रिफिन विरुद्ध मेरीलंड या नावानं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून १९६४मध्ये न्यायालयानं शिक्षा रद्द केल्या. कारण दिलं ते असं, की बिल्ला लावून केलेली कृती ही राज्याची कृती, आणि राज्याला वर्णभेद करता येत नाही. मालकाला तो करता येतो की नाही, याचं उत्तर न्यायालयानं दिलंच नाही. तोवर ग्लेन एको खुलंही झालं होतं. १९६०चा उन्हाळाभर फाटकावर निदर्शनं चालली होती. जवळच्या बॅनकबर्न वसाहतीतली, बरीचशी ज्यू, कुटुंबं मुलांसह फलक घेऊन उभी राहायची. म्हणजे ज्यांना आत जायला बंदी नव्हती अशी मुलं सुट्टीभर बाहेर थांबली. १९६१च्या हंगामात मालकांनी बंदी उठवली.

त्याच राज्यात बाल्टिमोरजवळ ग्विन ओक पार्क होतं. तिथं दर वर्षी ‘सर्व राष्ट्रांचा दिवस’ साजरा होई. वेगवेगळ्या देशांची नृत्यं, पदार्थ, झेंडे. त्या दिवशीही कृष्णवर्णीय अमेरिकी माणसाला प्रवेश नव्हता. १९५५पासून निदर्शक हाच दिवस निवडत आले. आठ वर्षं मूठभर माणसं उभी राहिली, शिव्या खाल्ल्या, परत गेली. मग ४ जुलै १९६३, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. बसगाड्या भरून धर्मगुरू आले, प्रॉटेस्टंट, कॅथलिक, ज्यू. त्या दिवशी २८३ जणांना अटक झाली. त्यांत प्रेस्बिटेरियन पंथाचे राष्ट्रीय प्रमुख युजीन कार्सन ब्लेक होते. देशातल्या बड्या गोऱ्या पंथाचा प्रमुख पाळण्यांच्या बागेबाहेर पोलिसांच्या गाडीत चढतो आहे, हे दृश्य वर्तमानपत्रांना टाळता आलं नाही. अटक झालेल्यांत मायकल श्वर्नर नावाचा एक तरुणही होता. पुढच्याच वर्षी मिसिसिपीत मतदार नोंदणीच्या कामात असताना त्याचा आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा खून झाला.

तीन दिवसांनी पुन्हा मोर्चा, पुन्हा अटका. अखेर समझोता झाला आणि २८ ऑगस्ट १९६३ रोजी ग्विन ओक खुलं झालं. पहिलं कृष्णवर्णीय मूल मेरी-गो-राउंडवर बसलं ते अकरा महिन्यांचं. शॅरन लँगली तिचं नाव, वडील शेजारी धरून उभे. त्याच दिवशी चाळीसेक मैलांवर वॉशिंग्टनमध्ये अडीच लाखांच्या सभेपुढे किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं. साहजिकच दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत अकरा महिन्यांच्या मुलीच्या वाट्याला फार जागा आली नाही.

इतक्या माणसांनी तुरुंगात जाण्याजोगी ही गोष्ट होती का? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि विचारणारे सगळे शत्रूच नव्हते. नोकरी नाही, घर नाही, मत देता येत नाही, आणि तुम्ही पाळण्यासाठी भांडता? आपल्याकडेही असंच विचारलं जातं. गरज वेगळी आणि चैन वेगळी, आधी गरजेचं बघा.

मला इथं महाड आठवतं, आणि ते ओढूनताणून नाही. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, तो सत्याग्रह पाण्याचा म्हणून ओळखला जातो. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या महाडच्या भाषणात बाबासाहेबांनी तहानेचा मुद्दा स्वतःच बाजूला ठेवला. या तळ्याचं पाणी प्यायल्यानं आपण अमर होणार नाही, आणि आजवर ते न पिता आपण मेलोही नाही, अशा आशयाचं ते बोलले. तळ्यावर जायचं ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला. हे वाचल्यावर ग्विन ओकच्या फाटकावरची माणसं मला निराळी दिसली. भुकेल्याला भाकरी देताना देणाऱ्याला वरचढ राहता येतं. दया दाखवता येते, वेगळ्या भांड्यात वाढता येतं. पाळण्यात मात्र दयेनं शेजारी बसता येत नाही. ज्याची गरज नाही अशी गोष्ट मागणाराच बरोबरीची मागणी करत असतो, आणि विरोध करणाऱ्यांना ते नेमकं कळलेलं असतं.

बाबासाहेबांच्याच लेखनात लहान मुलांच्या सुट्टीतल्या सहलीचं एक प्रकरण आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या, परदेशी वाचकांना अस्पृश्यता कळावी म्हणून लिहिलेल्या छोट्या आत्मकथनात ते येतं. साल १९०१. वडील कोरेगावला नोकरीला, मुलं साताऱ्याला. वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बोलावलं. मुलांनी कधी आगगाडी पाहिलेली नव्हती. नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या आणल्या, जोडे आणले. मसूर स्टेशनवर उतरली तेव्हा पोशाख पाहून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची वाटली. घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. मास्तरनं जात विचारली, मुलांनी सांगितली, आणि त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक तोडगा निघाला. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. रात्रभराच्या त्या प्रवासात डबा भरलेला होता, पण पाणी कुणी दिलं नाही, म्हणून जेवणही झालं नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आपण कोण हे कळलं ते शाळेतही आधी कळलं होतं, पण असं नव्हे, असं ते लिहितात. फनटाउनच्या मुलीला निदान आधी घरी सांगायला बाप होता. मसूरच्या फलाटावर मुलं एकटी होती.

किंग यांनी झुंडबळी आणि फनटाउन एका वाक्यात का ठेवले, याचं माझ्यापुरतं उत्तर या दोन मुलांच्या मधे कुठंतरी आहे. झुंडीच्या हिंसेची भीती मोठ्या माणसाला कळते. व्यवस्था मात्र माणसाच्या मनात उतरते ती सहाव्या-नवव्या वर्षी, नवे कपडे घातलेले असताना, आनंदाची वाट बघत असताना.

कायद्याकडे वळतो. करमणुकीचा हक्क अमेरिकेच्या कायद्यात १९६४मध्ये पहिल्यांदा आला, असा समज आहे. तसं नाही. गुलामगिरी संपल्यावर दहा वर्षांतच, १८७५मध्ये, काँग्रेसनं नागरी हक्कांचा कायदा केला. त्यात मुक्कामाच्या सराया, प्रवासाची वाहनं आणि नाटकगृहं यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीच्या जागा असे स्पष्ट शब्द होते. १८८३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. घटना राज्याला बांधते, खासगी मालकाला नाही, हे त्याचं कारण. ऐंशी वर्षं ते दार बंद राहिलं. १९६४च्या कायद्यानं वेगळी वाट काढली ती राज्याराज्यांमधल्या व्यापारावर नियंत्रण ठेवण्याच्या काँग्रेसच्या अधिकाराची. व्यवसाय त्या व्यापाराला स्पर्श करत असेल तर त्याला भेदभाव करता येणार नाही. चित्रपटगृहं, नाटकगृहं, क्रीडांगणं यांची नावं कायद्यात आली. पाळण्यांच्या बागेचं नाव आलं नाही.

त्या फटीतून एक प्रकरण निघालं. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकजवळ लेक नायक्सन क्लब नावाची २३२ एकरांची जागा होती. पोहणं, नौकाविहार, नाच, छोटं गोल्फ, खाऊचं दुकान. ‘क्लब’ म्हणजे काय, तर फाटकावर हंगामाचे पंचवीस सेंट भरायचे, की झालात सभासद. हंगामाला सुमारे लाखभर गोरे लोक असे सभासद होत. १९६६मध्ये दोन कृष्णवर्णीय स्त्रिया आल्या, तेव्हा सभासदांची यादी भरली असल्याचं त्यांना सांगण्यात आलं. डॅनियल विरुद्ध पॉल या खटल्याचा निकाल जून १९६९मध्ये लागला, आणि तो वाचताना हसू आवरत नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठानं तपासलं, की खाऊच्या दुकानातल्या पावाचे घटक कुठून येतात. तळ्यातल्या पंधरा पॅडल बोटी ओक्लाहोमाच्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेल्या निघाल्या. गाणी वाजवणारी ज्यूकबॉक्स आणि तिच्या तबकड्या राज्याबाहेर बनलेल्या निघाल्या. म्हणजे लेक नायक्सन राज्याराज्यांमधल्या व्यापारात आहे, क्लब हे निव्वळ ढोंग आहे, आणि फाटक सगळ्यांना उघडलं पाहिजे. शिवाय करमणुकीची जागा म्हणजे फक्त बसून बघण्याची नव्हे, स्वतः खेळण्याचीसुद्धा, हेही न्यायालयानं सांगितलं. एकट्या न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी भिन्नमत नोंदवलं. माणसाच्या बरोबरीचा हक्क पॅडल बोटीच्या भाडेपावतीवर उभा करावा लागला, याचं हसू येतं तसंच वाईटही वाटतं.

तोवर जुनी उद्यानं एकेक करून मिटू लागली होती. ट्राम गेल्या, मध्यमवर्गीय गोरी कुटुंबं शहरं सोडून उपनगरांत गेली, काही ठिकाणी खुलं होण्यापेक्षा बंद पडणं मालकांनी पसंत केलं. युक्लिड बीच १९६९मध्ये संपलं. ग्विन ओक १९७२च्या वादळात बुडालं ते पुन्हा उभं राहिलं नाही. त्यांची जागा घेतली ती महामार्गालगतच्या थीम पार्कनी. १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियात अनाहाइम इथं संत्र्यांच्या बागा तोडून डिस्नीलँड उघडलं होतं. भोवती मातीचा उंच बांध, एकच दरवाजा, मोठ्यांना एक डॉलर आणि मुलांना पन्नास सेंट प्रवेशमूल्य, पाळण्यांचे पैसे वेगळे. वॉल्ट डिस्नी यांना कोनी आयलंडची घाण आणि गर्दी खटकली होती. त्यांनी कुंपण वर्णभेदासाठी घातलं असं म्हणणं अन्यायाचं होईल, कृष्णवर्णीयांना तिथं पहिल्यापासून प्रवेश होता. पण स्वतःची मोटार नसलेल्या माणसाला तिथं पोचणं अवघड होतं, ही गोष्टही खरी. आपल्याकडे दिल्लीचं अप्पू घर १९८४चं, गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९चं, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३चं. या फाटकांवर जात विचारली गेली नाही. तिकिटाचा दर वाचून कितीजण घरूनच निघत नाहीत, याची नोंद कुठल्याही फाटकावर होत नसते.

ग्लेन एकोचा शेवट मात्र सांगायला हवा. बंदी उठून पाच वर्षं झाली होती. ११ एप्रिल १९६६, ईस्टरनंतरचा सोमवार, शाळांना सुट्टी. वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत या सोमवारी मुलांना बाहेर नेण्याची जुनी प्रथा आहे. शेकडो मुलं बसनं ग्लेन एकोला आली. गर्दी झाली, काही गडबड झाली, आणि व्यवस्थापनानं संध्याकाळी लवकरच पाळणे थांबवून उद्यान बंद केलं. मुलं फाटकाबाहेर आली. शहराकडे परत नेणाऱ्या बस त्या संध्याकाळी त्यांच्यासाठी सोडल्या गेल्या नाहीत. वाटेत गोऱ्यांची वस्ती होती, काही ठिकाणी काचा फुटल्या, पोलीस आले. बरीच मुलं अंधारातून काही मैल चालत वॉशिंग्टनला घरी गेली. १९६८चा हंगाम ग्लेन एकोचा शेवटचा ठरला. जागा आता राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे, आणि १९२१चं मेरी-गो-राउंड उन्हाळ्यात अजून फिरतं.